शेवटचे दिवस: आयसीयू की घर?

सात रस्त्याच्या एक ताई विचारतायत, वडलांचा कॅन्सर आता बरा होणार नाही असं डॉक्टर स्पष्ट बोललेत, मग आयसीयूत ठेवायचं की घरी आणायचं?

त्रास: मागं राहणाऱ्यांच्या डोक्यात वर्षानुवर्षं हेच बसतं, तळमळत गेले की शांत. आयसीयूत औषध लगेच मिळतं पण नळ्या, कधी बांधलेले हात, हेही बघावं लागतं. घरी मॉर्फिननं दुखणं आणि धाप बरीच आटोक्यात राहते, फक्त ते कुठल्याही मेडिकलात मिळत नाही, म्हणून पॅलिएटिव्हवाल्या, म्हणजे बरं न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या, डॉक्टरांकडून आधीच सोय करून ठेवा, रात्री दोनला पळापळ नको.

सोबत: इथं घरच जिंकतं. आयसीयूत भेटायची वेळ ठरलेली, तोंडात तुळशीच्या पाण्याचा थेंब घालायचा तरी परवानगी मागा!

खर्च: आयसीयूचा तर सांगायलाच नको.

कागदपत्रं: दवाखान्यात सोपं. घरी वारले तर डॉक्टरांकडून फॉर्म ४अ (मृत्यूच्या कारणाचा दाखला) घ्यायचा, महापालिकेत मृत्यूची नोंद २१ दिवसांत.

उपचार अजून लागू पडण्यासारखा असेल किंवा घरी रात्री बघायला कोणीच नसेल तर दवाखाना. दुखण्याची सोय झालीय, दोघंतिघं आळीपाळीनं जागणारे आहेत आणि वडलांनाच घर हवंय, तर घर. पण त्यांना विचारलंय का कोणी?