बीएस्सीनंतर बायोकेमिस्ट्री की न्यूट्रिशन? नाशिकच्या विद्यार्थ्यांसाठी

खाणं, चयापचय आणि आजार यांचं नातं अभ्यासायचंय, पण एमएस्सी बायोकेमिस्ट्रीत करावी की न्यूट्रिशन-डाएटेटिक्समध्ये, हे ठरत नाही. असं असेल तर आधी तुम्हाला प्रश्न कोणत्या जातीचे पडतात ते बघा.

एक उदाहरण घ्या. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ चाचणीत टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांना तीन ते पाच महिने दिवसाला जेमतेम ८५० कॅलरी दिल्या. वर्षभरानंतर त्यांच्यातल्या ४६ टक्के जणांची साखर औषधाविना मधुमेहाच्या रेषेखाली होती. यकृत आणि स्वादुपिंडातली चरबी उतरल्यावर इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी पुन्हा कामाला कशा लागल्या, असं तुमच्या मनात आलं तर तुमचा कल बायोकेमिस्ट्रीकडे आहे. इतकं कमी खाणं लोकांनी निभावलं कसं आणि सिन्नरच्या बाजरी-भाकरीच्या घरात असं काही कसं बसवायचं, असं आलं तर न्यूट्रिशनकडे.

बायोकेमिस्ट्रीत दिवस जातो तो पिपेट, सेंट्रिफ्यूज आणि एलायझाच्या (रक्तातली प्रथिनं वगैरे मोजणाऱ्या चाचणीच्या) प्लेटांबरोबर. फसलेला प्रयोग पुन्हा लावायचा, तोही न कंटाळता. खरं संशोधन करायचं तर पीएचडी आलीच, म्हणजे सीएसआयआर-नेट किंवा गेट या पात्रता परीक्षा, आणि पुढे पुण्यातलं आयसर, एनसीसीएस किंवा हैदराबादचं सीसीएमबी अशी संशोधन संस्था. नाशिक सुटतं, हे घरात आत्ताच बोलून ठेवा. नुसत्या एमएस्सीवर पॅथॉलॉजी लॅब किंवा सातपूर-अंबडच्या कंपन्यांत क्वालिटी कंट्रोल मिळू शकतं, पण तिथे आहार-आजाराचा विषय बहुतेक हातातून निसटतो.

न्यूट्रिशनमध्ये समोर माणूस असतो. ‘काल सकाळपासून काय काय खाल्लं?’ इथून सुरुवात. लोक जेवण सांगतात, पण चहातली साखर आणि येता-जाता तोंडात टाकलेली शेव राहून जाते. ही माहिती समोरच्याला न दुखावता काढून घेणं हे कौशल्य आहे आणि मला ते अतिशय मोलाचं वाटतं. डायलिसिसच्या रुग्णाचं पोटॅशियम वाढलेलं असताना भाज्या उकळून ते पाणी फेकून द्यायला सांगणं, तेही सुनेला आणि सासूला दोघींना पटेल असं, हे रोजचं काम. त्यातून आपल्या जिल्ह्यात पेठ-सुरगाण्याच्या नागली पिकवणाऱ्या पाड्यांवर कुपोषण आणि शहरात मधुमेह, दोन्ही दिसतं. शिकायला याहून जवळचं क्षेत्र कुठलं शोधणार? करिअर डाएटेटिक्समध्ये करायचं तर इंडियन डाएटेटिक असोसिएशनची रजिस्टर्ड डाएटिशियनची परीक्षा लक्षात ठेवा. अल्पमुदतीचे ऑनलाइन कोर्स करून ‘कोच’ झालेल्यांच्या गर्दीत तीच तुम्हाला वेगळं ठरवते.

दोन्ही विषय एकत्र कसे येतात तेही बघा. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ मध्ये जवळच्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या या कामात बायका काय खातात हेही नोंदलं गेलं आणि त्यांच्या रक्तातली बी-१२ आणि फोलेट ही जीवनसत्त्वंही मोजली गेली. बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या बाळांहून बरीच हलकी, पण चरबी त्या मानाने टिकून. पुढे दिसलं की आईचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असेल तर सहाव्या वर्षी त्या मुलांमध्ये इन्सुलिन-रेझिस्टन्स (शरीराने इन्सुलिनला नीट दाद न देणं) जास्त. आहाराची नोंद आणि रक्ताची तपासणी, दोन्ही हात लागले तेव्हा हे कळलं.

शेवटी दोन्ही लागतात, म्हणून ज्यातून दुसऱ्याकडे जाणं सोपं ते आधी घ्यावं. अजूनही डळमळत असाल तर माझं मत बायोकेमिस्ट्रीच्या बाजूने आहे. क्रेब्स चक्र आणि इन्सुलिनचा मार्ग पक्का झालेल्याला आहारशास्त्र पुढे वाचून, रुग्ण पाहून उचलता येतं. उलटा प्रवास जड जातो. मात्र नाशिकमध्येच राहायचं पक्कं असेल आणि माणसांत रमत असाल, तर बेलाशक न्यूट्रिशन घ्या. फक्त अभ्यासक्रमात बायोकेमिस्ट्रीचे पेपर किती आणि रुग्णालयातली इंटर्नशिप खरोखर वॉर्डात होते का, हे तिथल्या माजी विद्यार्थ्यांना विचारून घ्या. प्रवेशाच्या अटी विद्यापीठागणिक बदलतात, तेव्हा तुमचा बीएस्सीचा विषय चालतो का हे अर्ज भरण्याआधीच तपासा.