फूट ३० सेंटीमीटरचा नसतो: सोलापूर ते कोलकाता पार्ट लोड, चौदा महिन्यांनंतर

गेल्या आठवड्यात ट्रान्सपोर्ट कंपनीचा माणूस नव्या वर्षाचं दरपत्रक घेऊन कारखान्यात आला. चहा घेतला, पंख्याखाली बसला आणि म्हणाला, "मालक, यंदा तरी ते फुटाचं काढू नका." म्हणजे माझी ख्याती त्यांच्या ऑफिसात पोचलेली आहे. तेव्हा फुटाचं काय आहे ते एकदा सविस्तर लिहूनच टाकतो.

आमचा टॉवेलचा छोटा कारखाना, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. माल जातो कोलकात्याला, बडा बाजारातल्या एका व्यापाऱ्याकडे. अंतर हैदराबाद, विजयवाडा, विशाखापट्टणम, भुवनेश्वर असं धरलं तर अठराशे किलोमीटरच्या पुढे. महिन्याला एक खेप, सणाच्या तोंडावर दोन. एका खेपेला १२ गाठी, गाठीचं वजन ६८ किलो. एवढ्या मालाला अख्खा ट्रक करणं म्हणजे एकट्यासाठी एसटी रिझर्व्ह करण्यासारखं, म्हणून पार्ट लोड. बिल्टी, टू-पे, गोदाम डिलिव्हरी यांचे अर्थ सांगत बसत नाही. ज्यानं एकदा तरी माल पाठवलाय त्याला ते पाठ असतात, ज्यानं पाठवला नाही तो हे वाचणारही नाही.

आधी आम्ही नाक्यावरच्या जुन्या ट्रान्सपोर्टनं पाठवायचो. नगावर दर, गाठीला ६५० रुपये, वाराई म्हणजे चढ-उताराची हमाली वेगळी. अण्णांच्या काळापासूनचा संबंध, म्हणून तक्रार करायची नाही. माल हैदराबादला उतरायचा, दुसऱ्या गाडीची वाट बघायचा आणि पंधरा-वीस दिवसांनी पोचायचा. उघडी गाडी, वर ताडपत्री. जून ते ऑक्टोबर ती ताडपत्री कुठून गळेल याचा नेम नाही. २०२४ च्या जुलैमध्ये तीन गाठी भिजून गेल्या. टॉवेलला पाणी लागलं तर वाळवता येतं, पण आठ दिवस गाठीत कोंडलेलं पाणी म्हणजे काळे ठिपके. व्यापाऱ्यानं तीन गाठींचे पैसे कापले आणि फोनवर शांतपणे म्हणाला, "भाईसाब, टॉवेल पानी पोंछने के लिए होता है, पानी पीने के लिए नहीं." त्या दिवशी नवी कंपनी शोधली. नाव लिहीत नाही, माल अजून त्यांच्याच गाडीत आहे.

नव्या कंपनीचा दर किलोला ८ रुपये, बंद कंटेनर, सात दिवसांत पोच. मी ६८ गुणिले १२ गुणिले ८ असा हिशेब मनात करून साडेसहा हजारांवर खूश होतो. पहिलं बिल आलं १२,६७२ चं. वर डॉकेट चार्ज, म्हणजे पावती फाडायचे पैसे, आणि डिझेलचा अधिभार वेगळा.

कारण वजन माझं नाही, मापाचं. टॉवेल हलका आणि फुगीर, गाडीत जागा खातो, म्हणून किलो न बघता घनफूट बघतात आणि एका घनफुटाला १० किलो धरतात. यात गैर काही नाही. कापसाची गादी आणि लोखंडी नट एकाच दरानं कुणीच नेणार नाही. पण मापाची रीत बघा. आमची गाठ लांबीला ९० सेंटीमीटर, रुंदी-उंची ६०-६०. बुकिंगच्या पोरानं टेप लावला तो गाठीच्या पोटाला. हातानं बांधलेली गाठ मधे फुगते, तिथं भरले ६६. मी म्हटलं, "अरे, काठाला धर." तो म्हणाला, "मालक, गाडीत गाठ पोटासकटच जाते ना?" याला उत्तर नव्हतं. तरी पुढच्या खेपेला प्लास्टिकच्या दोन पट्ट्या मधोमध जास्त आवळल्या, पोट आत घेतलं, ६० भरले. खेपेमागं १,१५२ रुपये वाचले. तो विषय तिथं संपला.

संपला नाही तो फुटाचा. सप्टेंबरात सहज म्हणून त्यांचं सूत्र कॅल्क्युलेटरवर करून बघितलं. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले २७,०००, गुणिले १०. हे २७,००० आले कुठून? ३० गुणिले ३० गुणिले ३०. म्हणजे यांच्या लेखी एक फूट ३० सेंटीमीटरचा. पाचवीतल्या पोराच्या कंपासपेटीतली पट्टीसुद्धा सांगेल की फूट ३०.४८ चा असतो. एक घनफूट म्हणजे २८,३१७ घन सेंटीमीटर. पट्टीवर फरक पाच मिलिमीटरचाही नाही. पण तो लांबीत, रुंदीत, उंचीत असा तीनदा गुणला जातो आणि बिलावर येतो तेव्हा ४.९ टक्के झालेला असतो. माझ्या १२ गाठींचं वजन १,३७३ किलो व्हायला हवं, ते १,४४० लागतं. खेपेला ५३६ रुपये, न केलेल्या प्रवासाचे.

आता कुणी म्हणेल, पोटाचे अकराशे गेले तेव्हा हसलास आणि या पाचशेला वर्षभर धरून बसलास. बरोबर आहे. घरातही हेच म्हणतात. पण पोट मापणारा पोरगा समोर उभा होता, त्याच्याशी वाद घालता आला, उपाय करता आला. या सूत्राशी भांडायचं कुणी? आणि गंमत अशी की हा आकडा एका कंपनीचा नाही. आणखी तीन ठिकाणी दर मागवले, त्यातल्या दोघांच्या कागदावर हेच २७,०००. मी मेल केला. उत्तर आलं, "हा इंडस्ट्री स्टँडर्ड आहे." मी लिहिलं, फुटाचं स्टँडर्ड आधीपासून आहे. उत्तर आलं, "आपली तक्रार नोंदवली आहे." पुढं तिकीट क्रमांक, आणि दोन दिवसांनी तिकीट बंद.

या मनःस्थितीत मी ऑक्टोबरची खेप १७ तारखेला पाठवली आणि त्यांना सोडायचं ठरवून टाकलं. त्याच आठवड्यात बंगालच्या उपसागरात दाना वादळ तयार झालं. २४-२५ ऑक्टोबरच्या मध्यरात्री ते ओडिशात धामराजवळ किनाऱ्याला लागलं, कोलकात्याचा विमानतळसुद्धा त्या रात्री बंद होता. कोलकात्याचा रस्ता त्याच किनाऱ्यालगत वर जातो. माझ्या डोळ्यांपुढं काळे ठिपके दिसायला लागले.

झालं असं की गाडी त्यांनी २३ लाच विशाखापट्टणमच्या हबमध्ये, म्हणजे त्यांच्या मोठ्या गोदामात, आत घेऊन उभी केली होती. मला मेसेज आला: हवामानामुळे उशीर. पुढची चिंता ई-वे बिलाची, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची. दर २०० किलोमीटरला एक दिवस, म्हणजे माझ्या अंतराला दहा दिवस, मुदत २७ च्या मध्यरात्रीपर्यंत. ती उलटली आणि रस्त्यात कुणी अडवलं तर दंडाचा आकडा भाड्यापेक्षा मोठा. मुदत वाढवायची खिडकी संपण्याआधी आठ तास ते संपल्यावर आठ तास, एवढीच. मी २७ ला संध्याकाळी पोर्टल उघडून बसलो, तर वाढवून झालेली! सहा वाजून काही मिनिटांनी, त्यांच्याच माणसानं, कारण लिहून. मला फोन नाही, विनवणी नाही. जुन्या ट्रान्सपोर्टला हे काम सांगितलं असतं तर आधी ई-वे बिल कुणाच्या मोबाईलवर आहे याचा शोध घ्यावा लागला असता.

२९ तारखेला १२ गाठी बडा बाजारात. कोलकात्यात मोठी गाडी दिवसा आत येत नाही, म्हणून शहराबाहेर धुलागडच्या गोदामातून ‘छोटा हत्ती’ टेम्पोनं, भल्या पहाटे. व्यापाऱ्यानं व्हिडिओ पाठवला, गाठीत हात घालून दाखवला. कोरड्या ठणठणीत. त्या रात्री मी बायकोला म्हटलं, कंपनी चांगली आहे. ती म्हणाली, "आणि फूट?" म्हटलं, फूट चुकीचाच आहे.

तर सोडायचं रद्द झालं. पैसे वाचवायचे तर माझ्याच बाजूनं वाचवायचे. फेब्रुवारीत शेजारच्या शेडमध्ये हायड्रॉलिक प्रेस आहे असं कळलं, गाठीला ४० रुपये घेतो. तीच ६८ किलोची गाठ, उंची ६० वरून ४० वर. आता गाठीला १२० ऐवजी ८० किलो लागतात, खेपेचं भाडं ११,५२० वरून ७,६८०. प्रेसचे ४८० धरूनही जुन्या ट्रान्सपोर्टपेक्षा फक्त ३६० जास्त, आणि माल निम्म्या दिवसांत. ज्याचा माल फुगीर आहे त्यानं दर कमी करून मागण्याआधी प्रेस शोधावा. टॉवेलवाल्यांनी मात्र एक लक्षात ठेवा, दाबलेला टॉवेल बसतो, दुकानात उघडल्यावर मेलेला दिसतो. आमच्या व्यापाऱ्यानं पहिल्या खेपेला तक्रार केली. दोन दिवस मोकळे ठेवून झटकले की बरेचसे उठतात. जाड जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला जास्त वजन भरणारा, माल मी अजूनही प्रेसला देत नाही.

एवढं सगळं मार्गी लागलं आणि जुलैत १२ च्या ११ गाठी पोचल्या.

इथं चूक आमच्या बाजूचीही होती. व्यापाऱ्याच्या दुकानातल्या नव्या पोरानं पोचवर नुसती सही केली. "एक नग कमी" हे तीन शब्द लिहिले असते तर पुढचे १९ दिवस वाचले असते. कंपनीचं उत्तर ठरलेलं: पोच स्वच्छ आहे, माल पूर्ण मिळाला. कस्टमर केअरवर रोज नवा माणूस, रोज पहिल्यापासून कहाणी. शेवटी २००७ चा रस्तेवाहतुकीचा कायदा काढून वाचला. माल हरवला तर बुकिंगपासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. फोन आणि तिकीट क्रमांकावर विसंबू नका, कागद पाठवा. आणि भरपाईला मर्यादा आहे: जास्त किमतीची जोखीम आधी लिहून, तिचे पैसे भरून घेतली नसेल तर भाड्याच्या दहापट. माझी गाठ २४ हजारांची, गाठीचं भाडं ६४०, म्हणजे हातात जास्तीत जास्त ६,४००. बुकिंग करताना हा रकाना मी चौदा वेळा रिकामा सोडला होता. काटकसर.

इथं एक गोष्ट नमूद करावीच लागेल. फूट खरा धरला असता तर गाठीचं भाडं ६१० झालं असतं आणि भरपाई ६,१००. म्हणजे त्या चुकीच्या फुटानं मला ३०० रुपये जास्त मिळाले असते. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.

नोटीस रजिस्टर पोस्टानं गेली आणि १९ व्या दिवशी गाठ कटकच्या हबमध्ये सापडली, कोपऱ्यात, लेबल फाटलेली. बारकोडचं लेबल गेलं की त्या गोदामात गाठीला आईबाप नाही. अण्णांनी हे ऐकलं आणि माळ्यावरून पत्र्याचा जुना मार्का काढून दिला. आता प्रत्येक गाठीच्या चारही बाजूंना काळ्या शाईनं आमचा मार्का, व्यापाऱ्याची आद्याक्षरं आणि १/१२, २/१२ असा नंबर. त्यानंतर नग चुकलेला नाही. पोच घेताना काय लिहायचं ते व्यापाऱ्याच्या पोरालाही हिंदीत लिहून पाठवलंय, त्यानं भिंतीला चिकटवलंय म्हणे.

तर चौदा महिने, १६ खेपा. सात दिवस सांगतात, आठ-नऊ लागतात, ते चालतं. भिजलेली गाठ शून्य. हरवलेली एक, तीही सापडली. ट्रॅकिंग गाडी हबला पोचल्यावरच हलतं, मधल्या दोन दिवसांत गाडी अंतराळात असते. कस्टमर केअर निरुपयोगी, पण बुकिंगचा पोरगा आणि हबवाले कामाचे. फुटाचे, पहिल्या खेपेचं पोट न धरता, प्रेसपूर्वीच्या सात खेपांचे ३,७५२ आणि नंतरच्या नऊंचे ३,२१३, मिळून ६,९६५. वहीत लिहून ठेवलेत.

दरपत्रक घेऊन तो माणूस आला तेव्हा मी हीच वही पुढं केली. त्यानं शांतपणे बघितली, कॅल्क्युलेटर काढला, कुणाला तरी फोन लावला आणि म्हणाला, "सूत्र सिस्टीममध्ये बसवलंय, ते कुणालाच हलवता येत नाही. दर ८ चा ७.६० करून देतो." मी हिशेब केला. खऱ्या फुटानं ८ रुपये म्हणजे ७.६३ पडले असते. तीन पैसे माझ्याच बाजूला जास्त आले.

सही केली. फक्त सूत्राच्या ओळीशेजारी, समासात, निळ्या पेनानं लिहिलं: १ फूट = ३०.४८ सेंमी. त्यानं विचारलं, "हे कशाला, मालक?" म्हटलं, राहू दे. कागदावर असलेलं बरं.