ग्लूटेन-फ्री पिठाची पाकिटं: पोळी लाटता येते, पण पोटाचं काय?

गहू बंद झाला की घरात पहिल्यांदा येतं ते ग्लूटेन-फ्री, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन हे चिवट प्रथिन नसलेल्या पिठाचं पाकीट. किंमत गव्हाच्या पिठाच्या कितीतरी पट. हे परीक्षण कुठल्या एका ब्रँडचं नाही. बाजारातल्या बहुतेक पाकिटांची जात एकच आहे आणि फरक असतो तो मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेला.

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने दिलेले असतात. पहिल्या दोन जागांवर तांदूळ आणि मक्याचा किंवा टॅपिओकाचा स्टार्च असेल, तर पोळी पांढरीशुभ्र होते, पण त्यात चोथा जवळजवळ नसतो. ज्वारी, नाचणी, राजगिरा वर असेल तर पोळी काळपट आणि जराशी खरबरीत होते, पोटाला मात्र तीच बरी. ग्लूटेनचा चिवटपणा आणायला इसबगोल, ग्वार गम (पाकिटावर आयएनएस ४१२ असा क्रमांक) किंवा झॅन्थन गम (आयएनएस ४१५) घातलेला असतो. यातलं काहीच नसेल तर ते पीठ भाकरीसारखं थापायचं, लाटायच्या भानगडीत पडू नये.

पाकिटावरची कृती बहुधा अपुरी असते. १०० ग्रॅम पिठाला ९० ते १०० मिली उकळतं पाणी घ्यावं, त्यात मीठ आणि चमचाभर तेल. पीठ घालून उलथन्याने हलवायचं, १५ मिनिटं झाकून ठेवायचं, मग पाच मिनिटं तळहाताने रगडून मळायचं. गडबड होते ती या १५ मिनिटांत. सुरुवातीला गोळा सैल आणि चिकट दिसतो, म्हणून लोक वरून आणखी पीठ घालतात. नंतर इसबगोल पाणी ओढून घेतो, गोळा घट्ट होतो आणि लाटताना कडा फाटतात. दोन प्लॅस्टिकच्या कागदांत, तांदळाच्या पिठीवर लाटली तर पोळी अखंड उचलता येते. गार झाली की ती कडक होणारच, कारण स्टार्च पुन्हा आवळतो. डब्यात द्यायची तर गरम असतानाच तूप लावून फडक्यात गुंडाळावी आणि खाताना शक्य असेल तर परत गरम करावी.

आता पोटाकडे. सीलिॲक (ग्लूटेनमुळे आतड्याचं अस्तर खराब होण्याचा आजार) असलेल्याला गहू सोडल्यावर जुलाब, फुगारा, फिकट, चिकट, घाण वासाचा मळ यांत बहुतेक वेळा काही दिवसांत ते काही आठवड्यांत उतार पडतो. आतड्याचं अस्तर भरून यायला मात्र महिने लागतात, मोठ्या माणसात कधी वर्षंही. या काळात नवीनच तक्रार सुरू होते: बद्धकोष्ठ. ती ग्लूटेनची नसून बऱ्याचदा स्टार्चवाल्या पाकिटाची असते. इसबगोलवाली पोळी खाऊन पाणी कमी प्यायलं तरी खडा होतो. उलट बेसन किंवा सोयाबीन जास्त असलेल्या पाकिटाने वायू धरतो. काही मिश्रणांत दूध पावडर असते. आतडं सुजलेलं असताना लॅक्टोज पचत नाही आणि पुन्हा पातळ होतं. म्हणजे पाकीट सुरू केल्यावर पोट बिघडलं तर «ग्लूटेन शिल्लक राहिलं असेल» असं धरून चालण्याआधी घटकांची यादी पुन्हा वाचावी.

काहींना गव्हाचा त्रास होतो, पण ग्लूटेनमुळे नाही. गव्हात फ्रुक्टान नावाची साखरेची साखळी असते, कांद्या-लसणातही तीच. फुगारा गव्हाच्या पोळीइतकाच कांद्याच्या भजीनेही येत असेल तर महागड्या पाकिटाने फारसं काही साधणार नाही.

सीलिॲक असेल तर मात्र काटेकोरपणाला पर्याय नाही. ‘ग्लूटेन-फ्री’ लिहायचं तर एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमाप्रमाणे ग्लूटेन किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे किलोभर पिठात साधारण २०० मिलिग्रॅम गव्हाचं पीठ, चिमूटभरही नाही! गल्लीतल्या गिरणीत आधीचा गहू दळून झाल्यावर पाळ्यात आणि पत्र्याच्या नळकांड्यात जे उरतं ते याहून कितीतरी जास्त. ‘आधी मूठभर ज्वारी दळून टाकतो’ म्हणणारा गिरणवाला मनाने चांगला असतो, पण तेवढ्याने गिरणी धुतली जात नाही. निवडलेली ज्वारी आणि फक्त त्यासाठी ठेवलेली घरघंटी हा पाकिटाहून स्वस्त आणि खात्रीचा मार्ग. घरातही लाकडी पोळपाट वेगळा हवा, कारण जोडाच्या फटीत जुनी कणीक बसलेली असते.

पाकीट चोख आणि फोडणी चुकीची, हेही नेहमीचं. बांधानी हिंगात मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, डबीवर तसं लिहिलेलं बघून घ्यावा. थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट यांत परंपरेने गहू पडतोच, म्हणून आजीकडून आलेला डबा आधी चौकशीला. ‘मल्टीग्रेन’ म्हणजे बहुधा गहू अधिक चार धान्यं. ओट्सवर वेगळा ग्लूटेन-फ्री शिक्का नसेल तर नको.

आणि पाकीट मागवण्याआधीची गोष्ट: टीटीजी-आयजीए ही सीलिॲकच्या निदानाची रक्ततपासणी गहू खात असतानाच करायची असते, सोबत एकूण आयजीए या प्रतिपिंडाचीही. आधीच गहू सोडला तर तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते आणि मग निदानासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे पुन्हा पोळी खावी लागते. महिनाभर सुखावलेल्या पोटाला ते फार जड जातं.

पहिल्या खेपेला अर्धा किलोच घ्यावं. बाजरी किंवा सोयाबीन असलेलं पीठ उन्हाळ्यात लवकर कडवट होतं, उघडलं की हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये.