विंडोज ९८ ला नेट: स्लर्प की पीकॅप?

८६बॉक्समध्ये (जुन्या पीसीची नक्कल करणारा प्रोग्रॅम) विंडोज ९८ चालवताय? मग नेटसाठी आधी स्लर्पच घ्या, म्हणजे ८६बॉक्समधला आभासी राउटर. आरटीएल८०२९एएस हे नेटवर्क कार्ड निवडा, ९८मध्ये टीसीपी/आयपी हा नेटचा प्रोटोकॉल टाका, सहसा १०.०.२.१५ हा पत्ता आपोआप मिळतो. वायफायवरही बिनबोभाट चालतं. पण पोर्ट फॉरवर्ड केल्याशिवाय (बाहेरची हाक आत वळवल्याशिवाय) बाहेरून कुणी आत येत नाही, आणि आयपीएक्स या जुन्या प्रोटोकॉलवरचे लॅन गेम तर विसराच.

त्यांच्यासाठी पीकॅप, म्हणजे आपल्या खऱ्या नेटवर्क कार्डावरून थेट जोडणी. यात ८६बॉक्समधला पीसी घरच्या राउटरला थेट दिसतो. मात्र आपल्या रोजच्या विंडोजवर एनपीकॅप हा ड्रायव्हर हवा आणि शक्यतो केबल हवी. वायफायवर माझी अख्खी संध्याकाळ गेली: विनआयपीसीएफजीत (९८मधली पत्ता दाखवणारी खिडकी) सारखा १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीपर्यंत हाक पोचलीच नाही. शिवाय पॅच नसलेलं ९८ असं उघड्यावर ठेवायला मी तरी धजत नाही.