16 टीबीच्या डिस्कच्या पोटात 64 जीबीचं कार्ड निघालं

आधी आकडे सांगते. 16 टीबीची म्हणून घेतलेल्या डिस्कवर टाकलेल्या माझ्या फाइल्स 2,14,306, एकूण 1.72 टीबी. त्यातल्या 7,118 उघडतात. बाकीच्यांची नावं दिसतात, तारखा दिसतात, साइझसुद्धा बरोबर दिसते. आत काहीच नाही. भाच्याने एक व्हिडिओ हेक्स व्ह्यूअरमध्ये (फाइलमधले कच्चे आकडे दाखवणारा प्रोग्राम) उघडून दाखवला तर पानंच्या पानं नुसती 00 00 00.

खोट्या क्षमतेच्या डिस्कचा (आत जागा थोडी, कॉम्प्युटरला सांगते भरमसाठ) प्रकार तुम्हाला माहीत असणार. मलाही माहीत होता, म्हणून तर जास्त डोकं फिरतं. पण मी ऐकलं होतं ते रस्त्यावरच्या पेनड्राइव्हबद्दल. इथे मोठं ऑनलाइन दुकान, साडेचार तारे, हजारो रिव्ह्यू, धातूची चकचकीत बॉडी, ‘पोर्टेबल एसएसडी 16 टीबी’ (एसएसडी म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क). रिव्ह्यू मी वाचले नव्हते असं नाही. पहिलं पान वाचलं, त्यात ‘पॅकिंग छान’, ‘लवकर मिळाली’, ‘मस्त स्पीड’. पुढची पानं नंतर वाचली. तिथे लोक लिहितायत, ‘फोनला घट्ट बसतं’, ‘रंग फोटोपेक्षा गडद आहे’. म्हणजे मूळ पान फोनच्या कव्हरचं, आणि कव्हर काढून त्या जागी डिस्क ठेवलेली! तारे कव्हरचे, माल यांचा. रिव्ह्यू शेवटून वाचा, सगळ्यात जुने आधी. आणि डिस्कचे जे खरे रिव्ह्यू होते ते मिळाल्या मिळाल्या लिहिलेले. त्यातल्या कोणी ती भरून पाहिली असेल? ज्याच्या फाइल्स 64 जीबीच्या आत आहेत त्याला जन्मात कळणार नाही.

‘स्वस्त बघून भुललीस’ हे मला चौघांनी ऐकवून झालंय. स्वस्त होती, कबूल, पण फुकट नव्हती. सेलचा शिक्का मारलेली, सवलत वजा करून जेवढी असावी तेवढी. शिवाय मी करत काय होते? जे सगळे जाणकार ओरडून सांगतात तेच. बॅकअप घ्या, ऑफलाइन घ्या, कॉम्प्युटरपासून सोडवून ठेवा. मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाचं खंडणीखोर सॉफ्टवेअर आलं तेव्हा कॉम्प्युटरवरच्या फाइल्स कुलूपबंद झाल्या आणि सोडवायला 300 डॉलरचे बिटकॉइन मागितले गेले. अशा वेळी वायर काढून कपाटात ठेवलेली डिस्कच वाचते. माझा लॅपटॉपही भरत आला होता आणि तो बदलायचा होता. सगळं नव्या डिस्कवर घेतलं, तपासलं, मग लॅपटॉप रीसेट करून देऊन टाकला. हो, तपासलं. त्यावर येते.

आता तो क्षण, जो आठवला की अजून हात शिवशिवतात. डिस्क जोडली, प्रॉपर्टीज उघडल्या, क्षमता 15.9 टीबी. मला बरं वाटलं! माझ्याच लॅपटॉपची 2 टीबीची डिस्क रोज 1.81 दाखवायची, वर्षानुवर्षं डोळ्यासमोर. कंपन्या टीबी मोजतात हजाराच्या पटीत, विंडोज मोजतं 1024 च्या पटीत, त्यामुळे 1 टीबीची अस्सल डिस्क 931 जीबी दिसते आणि 16 टीबीची साधारण 14.5. पूर्ण सोळाच्या आसपासचा आकडा दिसतोय म्हणजे तो कोणीतरी हाताने भरलाय. समोर लिहिलेलं होतं, मोठ्या अक्षरांत, आणि मी म्हणतेय, वा, पुरेपूर दिलीय.

दुसरी खूण त्याहून वाईट. कॉपी सुरू झाली तेव्हा वेग सेकंदाला 12 एमबी. एसएसडीला हा वेग म्हणजे थट्टा, पण म्हटलं वायर जुनी असेल. साधारण दीड तासाने वेग एकदम 35 वर गेला आणि तिथेच टिकला. मी खूश. आता कळतंय, तो वेग वाढला कारण तेव्हापासून लिहिणंच बंद झालं होतं. कार्ड भरलं, आणि त्यापुढचं जे येईल ते आतली चिप ‘मिळालं, मिळालं’ म्हणत फेकून देत होती. उरलेली सगळी रात्र माझ्या फाइल्स कचऱ्यात चालल्या होत्या, आणि हिरवी पट्टी पुढे सरकत होती.

तपासण्याबद्दल. कॉपी संपल्यावर मी पहिल्या फोल्डरमधले फोटो उघडले, शेवटच्या फोल्डरमधलेही उघडले. सगळे उघडले. पहिले खरोखर कार्डावर होते. शेवटचे कॉम्प्युटरच्या मेमरीत अजून ताजे होते, तिथून दिसले. डिस्कला कोणी विचारलंच नव्हतं. विंडोजची साधी कॉपी लिहिलेलं परत वाचून बघत नाही. हे कोणाला माहीत असतं हो? तपासायचं असेल तर डिस्क काढा, कॉम्प्युटर बंद करून चालू करा, परत जोडा, आणि मधल्या फोल्डरमधल्या फाइल्स उघडा.

नावं कशी काय टिकली, हेही विचारून झालंय. फाइल्सची यादी बहुतेक वेळा डिस्कच्या सुरुवातीच्या भागात असते, तो भाग खऱ्या कार्डात बसतो. म्हणून दुकान उघडं, माल गायब. काही डिस्क याहून बेरकी असतात, भरल्यावर परत पहिल्यापासून लिहायला लागतात, म्हणजे जुनं टिकलेलंही जातं. 2011 च्या फोल्डरमध्ये माझा एक फोटो आहे. वर छत, ट्यूबलाइट, मागच्या रांगेतल्यांचे चेहरे. पुढच्या रांगेच्या कपाळाशी रेघ ओढल्यासारखं चित्र तुटतं आणि खाली सपाट राखाडी. त्या कपाळापाशी कार्ड संपलं. 2011 च्या आधीचं सगळं आहे, नंतरचं काही नाही.

भाच्याने डिस्क उघडली. स्क्रूसुद्धा नव्हते, नखाने निघाली. आत खेळायच्या पत्त्याएवढीही नसलेली एक हिरवी सर्किटची पट्टी, तिच्यावर मेमरी कार्ड पांढऱ्या गोंदाच्या गोळ्याने चिकटवलेलं, आणि शेजारी वजनासाठी लोखंडाचा तुकडा. “मावशी, ही डिस्क नाही, कार्ड रीडर आहे,” म्हणाला. मी तो लोखंडाचा तुकडा हातात घेऊन बसले होते. हातात घेतल्यावर डिस्क ‘दणकट’ वाटली होती ना, ती याच्यामुळे.

मग तक्रारींचा तमाशा. दुकानाच्या तक्रार फॉर्ममध्ये कारणं कोणती, तर ‘उशिरा मिळाली’, ‘फुटलेली मिळाली’, ‘रंग वेगळा’. खोटी क्षमता हे कारणच नाही. मी ‘इतर’ निवडलं. उत्तर आलं, वस्तू वर्णनाशी जुळते, कारण तुमच्याच स्क्रीनशॉटमध्ये 16 टीबी दिसतंय! दुसऱ्यांदा लिहिलं तर परत करण्याची मुदत संपली होती. विक्रेत्याने स्वतःहून 20 टक्के परत देऊ केले, मी भांडल्यावर 35 टक्के, अट एकच, पाच तारे द्यायचे. आता कळलं ते साडेचार कसे जमतात. बँकेचं म्हणणं, पैसे तुम्हीच दिलेत, वस्तू पोचलीय, सदोष असल्याचं तज्ज्ञाचं पत्र आणा. सायबर विभागात गेले तर ओटीपी कोणाला दिला का? नाही दिला. मग खात्यातून परस्पर पैसे गेले का? नाही गेले. मग हा सायबर गुन्हा कसा, ग्राहक तक्रारीकडे जा. ग्राहक तक्रारीकडे सांगितलं, डिजिटल फसवणूक आहे, सायबरकडे जा. आणि कळस ऐका. एका साहेबांनी शेवटी अर्ज घेतला आणि म्हणाले, पुरावे पेनड्राइव्हमध्ये टाकून आणा, आणि एक कॉपी तुमच्याकडे ठेवा, आमच्याकडून कधीकधी गहाळ होतं. मला हसावं की त्यांच्या टेबलावर डोकं आपटावं कळेना. अर्जाचं पुढे काही नाही. एकानेही ‘ही वस्तू विकणं बंद करतो’ असं म्हटलं नाही. नुकसान मोजताना सगळे डिस्कची किंमत धरतात. 2,07,188 फाइल्सची किंमत कुठल्याच रकान्यात बसत नाही.

आणि ज्यांना मला अक्कल शिकवायचीय त्यांनी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीचं 31 जानेवारी 2017 चं प्रकरण वाचावं. चुकून मुख्य डेटाबेसमधला सुमारे 300 जीबी डेटा पुसला, आणि बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही धड चालत नव्हती हे तेव्हा कळलं. सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला, आणि तो का गेला हे त्यांनी स्वतःच जाहीर सांगितलं. त्यांच्याकडे पगारी इंजिनिअर होते. माझ्याकडे भाचा होता.

3-2-1 चा नियम (तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर) फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी मांडून बरीच वर्षं झाली. तीन प्रती घेणं परवडणं आणि जमणं हा वेगळा विषय, पण नवी डिस्क तपासून होईपर्यंत जुन्या जागेवरचं काहीही पुसू नका. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, मॅक आणि लिनक्सवर एफथ्री, दोन्ही फुकट. ही साधनं डिस्कवर लिहून, परत वाचून जुळवतात. 16 टीबी पूर्ण तपासायला त्या 35 एमबीच्या वेगाने पाच दिवसांच्या वर लागतील, आणि परतीची मुदत तेवढ्यात निसटते, म्हणून आधी 200 जीबीच तपासायला सांगा. माझी डिस्क काही तासांतच उघडी पडली असती. त्याहून घाई असेल तर वॅलिड्राइव्ह हा प्रोग्राम डिस्कवर 576 ठिकाणी टोचून काही मिनिटांत सांगतं. पाकीट उघडतानाचा व्हिडिओ काढा, चेहरा नको, लेबल दिसू द्या.

अशी डिस्क आधीच घरात असेल तर तिच्यावर आणखी एक अक्षरही लिहू नका. जे उघडतंय ते दुसरीकडे काढून घ्या. ‘शंभर टक्के रिकव्हरी’वाल्यांना आगाऊ पैसे देऊ नका, जे लिहिलंच गेलं नाही ते कोण काढणार? मूळ फाइल्स साध्या हार्डडिस्कवरून पुसल्या असतील तर ती वापरणं थांबवून फोटोरेक (पुसलेल्या फाइल्स शोधणारा प्रोग्राम) चालवून बघा, बरंच मिळतं. माझ्या लॅपटॉपमध्ये एसएसडी होती, त्यात पुसलेल्या जागा ट्रिम नावाची सोय लगेच साफ करते, आणि तसाही लॅपटॉप परत मागून मिळाला नाही. नातेवाइकांच्या चॅटमधून 1,340 फोटो गोळा झालेत, सगळे दाबून बारीक झालेले.

एक तारा देऊन मी सविस्तर रिव्ह्यू लिहिला होता. ‘नियमांत बसत नाही’ म्हणून काढला. ते पानही गेलं, आणि तोच फोटो, तीच बॉडी घेऊन दुसऱ्या नावाने आलंय. आता 32 टीबी. म्हणून विक्रेत्याचं नाव लक्षात ठेवून उपयोग नाही, आकार आणि आकडा बघा. 16 टीबीची अस्सल हार्डडिस्क साडेतीन इंची, जाडजूड असते आणि बाहेर बसवली की तिला वेगळा पॉवर अडॅप्टर लागतो. फोटोतली वस्तू तळहातावर मावतेय, एका यूएसबी वायरवर चालतेय आणि वर 16 किंवा 32 लिहिलंय, तर पान बंद करा.