४ टीबी नॅस ड्राइव्ह (नेटवर्क स्टोरेजसाठीची हार्ड डिस्क), वर्षभराचा अनुभव: हेल्थ 'पास' दाखवते त्यावर जाऊ नका

स्पीड ठीक, आवाज कमी, तापत नाही, ते सगळं तुम्हाला माहितीये. मला बोलायचंय १९७ नंबरबद्दल.

स्मार्टच्या (ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्या) यादीत १९७ म्हणजे पेंडिंग सेक्टर, डेटा साठवायचे असे छोटे तुकडे जे वाचता येत नाहीयेत पण ड्राइव्हने अजून बादही केले नाहीत. माझ्याकडे तो आधी ८, मग १६ झाला (४०९६ बाइटचा एक सेक्टर म्हणजे ५१२ चे आठ, म्हणून आठाच्या पटीत), आणि वर मोठ्या अक्षरात हेल्थ पास! सर्व्हिस सेंटरवालाही तेच, "सर टेस्ट पास येतेय, रिप्लेस नाही होणार." अहो पण तो शेरा नोंदीची व्हॅल्यू (बिघाडासोबत उतरत जाणारा गुण) थ्रेशोल्डला, म्हणजे ठरलेल्या किमान मर्यादेला, पोचली तरच बदलतो, आणि १९७ चा थ्रेशोल्ड कंपनीने ठेवलाय शून्य, मग तो फेल होणार कधी? पूर्ण पैसे मोजलेत आम्ही, राग येणारच.

मध्ये मत जरा बदललं होतं. पेंडिंग सेक्टरवर नवीन डेटा लिहिला की निकाल लागतो, म्हणून ड्राइव्ह मिररमधून (दोन डिस्कवर एकच डेटा ठेवणाऱ्या जोडीतून) काढून पूर्ण शून्यांनी भरली. १९७ शून्यावर आला, ५ नंबर म्हणजे रिअलोकेटेड (बाद करून दुसऱ्या जागी हलवलेले सेक्टर), तोही शून्यच राहिला, म्हणजे जागा चांगली होती, लिहिताना लाइट गेल्याने वगैरे बिघडलं असणार. एक स्टारचे चार केले. पण पुढे परत पेंडिंग आले आणि यावेळी ५ पण वाढायला लागला, म्हणजे प्लॅटरच (आतली तबकडी) चाललाय. आता तीन.

तीन का, तर सात सेकंदांसाठी. साधी डेस्कटॉप ड्राइव्ह खराब सेक्टरवर मिनिट-मिनिट अडून बसते, लिनक्स ३० सेकंदांत कंटाळून लिंक रीसेट करतं आणि रेड (मिररची जोडी सांभाळणारी व्यवस्था) अख्खी डिस्क बाहेर काढतं. ही सात सेकंदांत सरळ एरर देते, मग रेड दुसऱ्या डिस्कवरून वाचून तोच सेक्टर परत लिहून टाकतं. एकही फोटो गेला नाही हो! जास्तीचे पैसे इथे वसूल.

वॉरंटीसाठी शॉर्ट टेस्ट दाखवू नका, लाँग टेस्ट लावा, लॉगमध्ये रीड फेल्युअर आणि सेक्टरचा नंबर येतो, त्याची प्रिंट नेली तेव्हा कुठे मुकाट्याने घेतली त्यांनी. बदली आली रिफर्बिश्ड, वॉरंटी जुनीच उरलेली, हे मला अजिबात पटलेलं नाही. तिलाही लाँग टेस्ट लावलीये, सात-आठ तास तरी लागतील, त्यात पास झाल्याशिवाय मिररमध्ये घेणार नाही.