वायपरची मोटर ठीकच होती, जळला होता फ्यूज बॉक्समधला स्लॉट (वागळे इस्टेट, ठाणे)

ह्या ऑटो इलेक्ट्रिशियनला ५ पैकी ५ देतेय, आणि का ते जरा सविस्तर लिहिते कारण माझे साडेसहा हजार वाचलेत.

जुलैमध्ये बोरिवलीहून ठाण्याला येताना गायमुखच्या घाटात धो धो पावसात वायपर बंद पडले, बाजूला आई, मागे ट्रकची रांग, कशीबशी गाडी कडेला घेतली. दुसऱ्या दिवशी घराजवळच्या एका गॅरेजवाल्याने फ्यूज काढून बघितला, म्हणाला फ्यूज चांगलाय, म्हणजे मोटर गेली, साडेसहा हजार होतील. मला काही पटेना म्हणून ऑफिसमधल्या एकाने सांगितलेल्या ह्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेले, रोड नंबर १६ च्या आतल्या गल्लीत छोटंसं दुकान आहे.

काकांनी मोटरला हातच लावला नाही. आधी विचारलं, "ताई, गाडीला बाहेरून काय काय बसवलंय?" फॉग लॅम्प होते, आधीच्या मालकाने लावलेले. मग स्टिअरिंगखालच्या फ्यूज बॉक्सचं झाकण काढलं, चावी ऑन केली आणि टेस्ट लॅम्प फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन बारीक टोकांना लावला, दोन्हीकडे पेटला. तोच लॅम्प बॉक्समधून वायपरकडे जाणाऱ्या वायरला लावला तर पेटेचना! फ्यूजपर्यंत करंट येतोय, पुढे जात नाहीये. फ्यूज उपसला तर एका बाजूचं प्लास्टिक तपकिरी झालेलं आणि आतली क्लिप जळून सैल.

फ्यूजच्या चार्टवर वायपरला २० अँपिअर, म्हणजे पिवळा फ्यूज, आणि बसवलेला होता हिरवा, ३० चा. ५५ वॉटचे दोन फॉग लॅम्प ह्याच लाईनवर मारलेले, ते एकटेच ९ अँपिअर ओढतात, वर पावसात वायपर, त्यामुळे आधी २० चा उडत असणार आणि कोणीतरी सरळ मोठा घातला.

मग काकांनी बोनेट उघडून सगळा रस्ता दाखवला. बॅटरीच्या प्लसवरून एक जाड वायर मेन फ्यूजमधून बोनेटखालच्या बॉक्सात येते आणि तिथून फाटे फुटतात, हॉर्न आणि हॅझर्ड लाईटला सप्लाय कायम, वायपर, पॉवर विंडो वगैरेला चावी फिरवल्यावरच, आतल्या बॉक्समधून. प्रत्येक फाट्याला वेगळा फ्यूज, आणि तो मोटर किंवा बल्ब वाचवायला नसतो तर ती वायर तापून पेटू नये म्हणून असतो, मला आजवर उलटंच वाटायचं. २० च्या वायरवर ३० चा फ्यूज म्हणजे मी आईला घेऊन कशात बसून फिरत होते ह्या विचाराने तिथेच पोटात गोळा आला.

जळकी क्लिप कापून नवीन लावली, २० चा पिवळा बसवला. फॉग लॅम्पला बॅटरीवरून वेगळी जाड लाईन, बॅटरीपासून वीतभर अंतरावर १५ चा फ्यूज (लांब लावला तर मधली वायर उघडीच राहते म्हणे) आणि रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), म्हणजे डॅशबोर्डच्या स्विचमधून फक्त रिले ओढण्यापुरता करंट जातो. १,८५० रुपये झाले, जुना फ्यूज हातात दिला, वर दोन पिवळे स्पेअर दिले.

पार्किंगची बोंब आहे, बसायला जागा नाही, दोन तास उभी होते. सकाळी लवकर जा, दुपारनंतर टेम्पोवाल्यांची रांग लागते.